क्लबफूटची बूट-दांडी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

क्लबफूट म्हणजे जन्मतःच आत आणि खाली वळलेला पाय; बूट-दांडी म्हणजे तो पुन्हा वळू नये म्हणून घालायचे, आडव्या दांडीला जोडलेले दोन बूट. पाय सरळ दिसायला लागला की घरात पेढे येतात आणि दांडीचा कंटाळा सुरू होतो. पोन्सेटी या नेहमीच्या उपचारपद्धतीत पायाचा बाक जातो तो प्लास्टरने: दर आठवड्याला एक, साधारण पाच ते सात, बोटांपासून थेट जांघेपर्यंत, गुडघा काटकोनात. टाच मात्र बहुतेक बाळांची वरच राहते. म्हणून टाचेमागची कंडरा (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी दोरी) कापतात. छेद बारीक, मग तीन आठवडे शेवटचं प्लास्टर. पुढची सगळी भिस्त दांडीवर. पाय पुन्हा वळतो तो बहुतेक वेळा ती नीट न वापरल्यामुळे. पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास, नंतर रात्री आणि झोपेत मिळून 12 ते 14 तास, वयाच्या चार-पाच वर्षांपर्यंत.

हा नमुना कातडी आहे. बोटं उघडी, घोट्यावर पट्टा, वर लेस, टाचेशी डोकावायला भोक, खाली लोखंडी दांडी. हातात घेतल्याबरोबर तीन गोष्टी पाहाव्यात. एकच पाय वाकडा असेल तर तो 60 ते 70 अंश बाहेर आणि चांगला 30 ते 40. दोन्ही वाकडे असतील तर दोन्ही 60 ते 70. दोन टाचांमधलं अंतर बाळाच्या खांद्यांइतकं. आणि दांडीचा फुगवटा बाळापासून लांब. उलटी बसली तर पंजे वर उचलण्याऐवजी खाली ढकलले जातात, आणि ही चूक घाईत सहज होते.

घालताना गुडघा वाकवायचा, टाच मागे-खाली दाबायची, आधी पट्टा आणि मग लेस. लेस आधी ओढली तर टाच वर तरंगते. बाळ शांत असेल तर आखडलेला पाय आधी. लाथा झाडत असेल तर चांगला आधी, म्हणजे लाथ मारताना दुसरा पाय आपोआप बुटात जातो. घातल्यावर पोटरी धरून वर-खाली हलवा. बोटं पुढे-मागे सरकली तर टाच बसलेली नाही, सोडून पुन्हा. बसली तेव्हा पट्टा ज्या भोकात होता त्याला पेनाने खूण करून ठेवा, रात्री दोन वाजता उपयोग होतो.

टाचेमागे फोड आला की सगळे बूट सैल करतात. उलटं करायचं असतं: फोड बहुधा सैल बुटात टाच घासल्यामुळे येतो. नाशिककडे आणखी एक घोळ म्हणजे मालिश. अंघोळीआधी तेल चोळलेल्या पायाला तसाच बूट चढवला की टाच घसरते आणि कातडं मऊ पडतं. मालिश त्या एका मोकळ्या तासात उरका, पाय कोरडा पुसा, लाल डागावर क्रीम लावू नका. मोजे सुतीच, शिवण वळलेली नको. पावसाळ्यात, त्र्यंबक-इगतपुरीकडे तर विशेषच, मोजे वाळत नाहीत. आठ जोड कमी वाटतील. झोळीत दांडी आडवी अडकते, सपाट पाळणा बरा. दांडीवर सायकलच्या हँडलची पट्टी गुंडाळा, नाहीतर पहिला टोला आजीच्या हनुवटीला.

पहिल्या दोन-तीन रात्री रडणं ठरलेलं. दोन्ही पाय एकदम वाकवून-ताणून खेळवलं की बाळाला ती हालचाल जमते. रडतं म्हणून काढली की रडलं की सुटतं हे ते लगेच शिकतं.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो पट्ट्याच्या शिलाईसाठी: पाचव्या महिन्यात टाके सुटले. स्क्रूही ढिले होतात, दर रविवारी पिळा. सुरगाणा-पेठहून येणाऱ्यांनी सुटे स्क्रू आणि जादा पट्टा आधीच मागून घ्यावा, एका टाक्यासाठी दिवस मोडतो. क्लबफूट आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, मुलांच्या तपासणीची सरकारी योजना) यादीत आहे, त्यामुळे अंगणवाडीत येणाऱ्या पथकाकडे नोंद जरूर करा.

बोटं बुटाच्या कडेवरून खाली वळली की माप बदला. दुसऱ्या बाळाचे जुने बूट फुकट मिळाले तरी नकोत, त्यात त्याच्या टाचेचा खळगा पडलेला असतो. आणि बूट नेहमीसारखा घालूनही भोकातून टाच दिसेनाशी झाली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. वेळेवर गेलं तर बहुधा थोड्या प्लास्टरवर भागतं.