सरकारी दवाखान्यातलं सुरक्षा क्लिनिक : माझा अनुभव (पाचपैकी चार स्टार)

मी आणि मिस्टर दोघंही एआरटीवर (एचआयव्हीच्या औषधांवर) आहोत, गोळ्या वेळेवर चालू आहेत, व्हायरल लोड म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण दबलेलं आहे. पण अंगावरून पिवळसर हिरवं पाणी जाणं, वास, खाज, लघवीला जळजळ हे काही केल्या थांबत नव्हतं. एका खाजगी दवाखान्यात (नाव देत नाही) दर वेळी एकदाच घ्यायच्या गोळ्या मिळायच्या, आठवडाभर बरं वाटायचं की परत सुरू. शेवटी तिथले डॉक्टर म्हणाले औषध लागूच पडत नाहीये तुम्हाला, आणि मी जाम घाबरले. मग एआरटी सेंटरच्या काउन्सेलर ताईंनी त्याच आवारातल्या सुरक्षा क्लिनिकला, म्हणजे लैंगिक आजारांच्या सरकारी क्लिनिकला, पाठवलं.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, मिस्टरांनी औषध घेतलं का? हे आजपर्यंत कोणी विचारलंच नव्हतं! आजार ट्रायकोमोनास या संबंधांतून पसरणाऱ्या जंतूचा निघाला, आणि पुरुषांना बहुतेक वेळा याचा काहीच त्रास जाणवत नाही त्यामुळे ते स्वतःहून येत नाहीत, बायको बरी होते आणि नवऱ्याकडून पुन्हा लागण होते. मॅडमनी नीट समजावलं की असा परत परत होणारा आजार बऱ्याचदा औषधाला दाद न देणारा नसतोच, एकतर पुन्हा लागण झालेली असते नाहीतर डोस कमी पडलेला असतो. खरा रेझिस्टन्स (औषधाला दाद न देणं) असतो, मेट्रोनिडाझोल या यावरच्या नेहमीच्या औषधाला साधारण ४ ते १० टक्के केसेसमध्ये दिसतो, पण तो आधी या दोन गोष्टी तपासल्यावर धरायचा.

डोसचं तर एचआयव्ही असलेल्या प्रत्येक बाईने लक्षात ठेवावं असं आहे. २०१० साली आलेल्या एका अभ्यासात एचआयव्ही असलेल्या बायकांना मेट्रोनिडाझोल एकदम २ ग्रॅम दिलं तर औषध संपल्यावरच्या तपासणीत १६.८ टक्के जणींमध्ये जंतू सापडला, आणि ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असं ७ दिवस दिलं त्यांच्यात ८.५ टक्के. म्हणजे जवळपास निम्मंच! अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये एचआयव्ही असलेल्या बायकांसाठी आणि २०२१ मध्ये सगळ्याच बायकांसाठी ७ दिवसांचा कोर्स सांगितला. आपल्याकडे या तक्रारीला औषधांचं हिरवं किट मिळतं, त्यात मेट्रोनिडाझोलच्याच जातीचं सेक्निडाझोल २ ग्रॅम एकदाच आणि बुरशीसाठी फ्लुकोनाझोल १५० असतं, पण माझा इतिहास बघून मॅडमनी ७ दिवसांचा कोर्स लिहिला, मिस्टरांनाही औषध दिलं, तोवर संबंध बंद. तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळतं, तरी कोर्स अर्धा सोडू नका. एवढं करूनही राहिलं असतं तर त्याच जातीचं टिनिडाझोल जास्त दिवस देणार होत्या, तशी वेळ आली नाही. ३ महिन्यांनी परत तपासलं, क्लीन.

ज्यांना एचआयव्ही नाही त्यांनीही हा त्रास अंगावर काढू नये हो. या जंतूने आतल्या त्वचेला सूज येते, बारीक जखमा होतात, एचआयव्हीला ज्या पेशी लागतात त्या तिथे गोळा होतात, म्हणून लागण व्हायचा धोका साधारण दीडपट होतो. आणि एचआयव्ही असेल तर योनीतल्या स्रावात विषाणू जास्त सुटू शकतो, उपचार केल्यावर तो कमी होतो.

एक स्टार का कापला ते सांगते. तपासणी काचपट्टीवरच होते, स्राव ताजा असताना लगेच बघितला नाही तर जंतू हलायचा थांबतो आणि रिपोर्ट उगाच निगेटिव्ह येऊ शकतो, पीसीआरसारखी (जंतूचे जनुकीय अंश शोधणारी) पक्की तपासणी आमच्या सेंटरला नाही. बाकड्यावर बसायची जागा अगदी ओपीडीच्या वाटेवर, येणारा जाणारा बघतो, त्यामुळे मिस्टरांना आणायला किती समजूत घालावी लागली ते माझं मला माहीत. पडदा तरी लावा ना.

बाकी तपासणी, औषधं, काउन्सेलिंग सगळं फुकट, सिस्टर एकही टोचून बोलल्या नाहीत, हे मोठंच आहे. जवळचं क्लिनिक माहीत नसेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर विचारा. केसपेपर काढताना खिडकीवर फक्त सुरक्षा क्लिनिक म्हणा, तिथे आजार सांगत बसायची गरज नाही, आणि शक्य असेल तर नवऱ्याला पहिल्याच वेळी सोबत न्या.