डेबियन 13 : आठ महिने वापरून झाले, आता 14 मध्ये काय हवंय

डेबियन ही लिनक्सवरची मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्या बारावरून तेरावर जायला एक संध्याकाळ पुरली. तुटलं काहीच नाही, म्हणून खूश होऊन झोपलो. तिसऱ्या दिवशी एक व्हिडिओ एक्सपोर्ट करताना प्रोग्रॅमने 'जागा नाही' म्हणत हात वर केले. डिस्कवर तर दोनशे जीबी मोकळे! तासभर डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. 'ट्रिक्सी'मध्ये, म्हणजे 13 मध्ये, स्लॅश-टीएमपी हा तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर डिस्कवर नसतो, रॅममध्ये असतो, आणि जास्तीत जास्त अर्धी रॅम वापरू शकतो. माझी रॅम 8 जीबी. तात्पुरतं काहीही असलं की टीएमपीत टाकायचं आणि विसरायचं, ही माझी जुनी घाण सवय. चारच्या चार जीबी भरून बसले होते. रिलीज नोट्समध्ये हे सगळं स्वच्छ लिहिलंय. वाचतो कोण! सिस्टिमडीमध्ये (मशीनवरच्या सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) टीएमपी-डॉट-माउंट मास्क करून, म्हणजे बंद करून, रीबूट केलं की फोल्डर परत डिस्कवर येतो. मी तसंच केलंय.

तेव्हापासून आजवर तक्रारीला जागा जवळपास नाही. कर्नल (सिस्टिमचा गाभा) 6.12, ग्नोम (डेस्कटॉप) 48. ग्नोममधली 80 टक्क्यांच्या आसपास चार्जिंग थांबवायची सोय (हार्डवेअरची साथ लागते) दिवसभर चार्जरला लावलेल्या मशीनसाठी वरदान आहे. एपीटी (प्रोग्रॅम बसवायचं-काढायचं साधन) 3.0 मध्ये पॅकेजं रकान्यांत दिसतात आणि निघून जाणारी लाल रंगात. क्षुल्लक वाटेल, पण एकदा 'होय' दाबता दाबता त्या लाल ओळीनेच माझा हात धरला. अर्धा डेस्कटॉपच काढून टाकायला निघालो होतो.

आता दुखणं. झाकण लावून लॅपटॉप बॅगेत टाकला आणि दोन तासांनी काढला, तर तव्यासारखा तापलेला. दोष डेबियनचा नाही, हे आधीच सांगतो. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपांच्या फर्मवेअरमधून (मशीनमध्येच बसवलेलं मूळ सॉफ्टवेअर) जुनी गाढ झोप, म्हणजे एस-थ्री, काढूनच टाकलेली असते. स्लॅश-सिस, पॉवर, मेम-स्लीप ही फाइल उघडून बघा. माझ्याकडे तिच्यात एकच शब्द आहे : एस-टू-आयडल. म्हणजे यंत्र पूर्ण बंद होत नाही, नुसतं डुलकी घेतं. एखादं उपकरण जागं राहिलं की रात्रभर बॅटरी गळत राहते.

मग हायबरनेट का नाही? रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून वीज पूर्ण तोडायची, सरळ उपाय. पण सिक्युअर बूट (फक्त सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर कर्नल लॉकडाउनमध्ये, म्हणजे कडक बंदोबस्तात, जातं आणि हायबरनेटला नकार देतं. कारणही पटण्यासारखं आहे : डिस्कवर पडलेल्या त्या प्रतीत कुणी ढवळाढवळ केली, तर परत उठताना कर्नलला ते कळणार कसं? म्हणजे सुरक्षितता ठेवा नाहीतर झोप. मी सिक्युअर बूट सोडलेला नाही, त्यामुळे रात्री मशीन बंदच करतो.

'फोर्की'कडून, म्हणजे 14 कडून, मला पहिल्यांदा हेच हवंय : सही केलेली, उठताना तपासता येणारी हायबरनेट-प्रत. दुसरं, रीबूटनंतर खिडक्या होत्या तिथेच, होत्या त्याच वर्कस्पेसवर उघडाव्यात. वेलँडवर (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी यंत्रणा) अजून रोज सकाळी सहा खिडक्या हाताने मांडतोय. लॉक स्क्रीनवरून गाणं थांबवायची सोय वगैरे ग्नोम 49 मध्ये आलेलीच आहे, ती आपोआप मिळेल. त्यासाठी जीव टाकत नाही.

वाट किती बघायची? 12 आलं 10 जून 2023 ला, 13 आलं 9 ऑगस्ट 2025 ला. याच चालीने 2027 चा उत्तरार्ध उजाडेल. तोवर ग्नोम 48 वरच राहायचं, हा स्टेबलचा (डेबियनच्या पक्क्या आवृत्तीचा) सौदा डोळे उघडे ठेवून केलेला बरा. ज्यांचं मशीन 32-बिटचं आहे त्यांनी मात्र इकडे वळूच नये. तेरामध्ये त्यांच्यासाठी ना इन्स्टॉलर आहे ना कर्नल.

मागच्या आठवड्यात राहवेना, म्हणून जास्तीच्या एसएसडीवर टेस्टिंग, म्हणजे 14 ची अजून घडत असलेली आवृत्ती, चढवलं. सगळ्यात आधी उघडली ती मेम-स्लीपची फाइल. फर्मवेअर तेच, म्हणजे शब्दही तोच असणार हे माहीत असूनही. हायबरनेटलाही नकार. एसएसडी काढून ठेवली, ट्रिक्सी सुरू केलं आणि सहाच्या सहा खिडक्या पुन्हा मांडायला घेतल्या.