सबटायटल, पटकथा आणि वही: आठ महिने जर्मन ऐकल्यानंतर

जर्मनचा ए2 स्तर (युरोपीय भाषापातळ्यांपैकी खालून दुसरा) संपला तेव्हा पुस्तकातला उतारा मला सहज वाचता यायचा. चित्रपट लावला की मात्र पहिल्या मिनिटातच सगळं डोक्यावरून जायचं. शब्द ओळखीचे, पण वाक्य हाती लागायचं नाही. म्हणून रोज एक तास चित्रपटच अभ्यासाला घ्यायचा असं ठरवलं. आठ महिन्यांत चार चित्रपट आणि एका मालिकेचे सहा भाग ओळ न् ओळ करून झाले. आकडा लहान दिसतो, पण दहा मिनिटांच्या प्रसंगाला मला तीन-तीन दिवस लागत होते.

पहिले दोन महिने इंग्रजी सबटायटल लावून पाहिले. ते दोन महिने फुकट गेले. डोळे वाचण्यात गुंतले की कान काम सोडून देतात. होल्गर मिटरर आणि जेम्स मॅक्वीन या संशोधकांनी 2009 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग नंतर वाचनात आला. डच लोकांना त्यांनी स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन उच्चारांतलं इंग्रजी दाखवलं. इंग्रजी सबटायटल असलेल्यांचा कान त्या उच्चाराला सरावला. डच सबटायटल असलेल्यांना मात्र नवी वाक्यं ओळखताना उलट अडचणच झाली. माझं नेमकं तेच होत होतं.

इंग्रजी सबटायटलचा आणखी एक तोटा आपल्याला जास्त जाणवायला हवा. जर्मनमध्ये महत्त्वाचं क्रियापद पुष्कळदा वाक्याच्या शेवटी येतं, मराठीसारखंच. पात्र म्हणतं, ‘मी ते पत्र काल...’ आणि थांबतं. पुढे काय येणार म्हणून जीव टांगणीला लागायचा, तर खाली इंग्रजीत ‘पाठवलंच नाही’ हे आधीच येऊन गेलेलं असतं. ‘माख दास फेन्स्टर’ एवढं ऐकून खिडकी उघडायची की लावायची ते कळत नाही. शेवटी ‘आउफ’ आलं तर उघड, ‘त्सू’ आलं तर लाव. मराठीतही ‘खिडकी’ म्हटल्यावर आपण क्रियापदाची वाट बघतोच. हे कळल्यापासून मी मनातल्या मनात इंग्रजीत भाषांतर करणं बंद केलं आणि थेट मराठीशी ताडून बघायला लागले.

तिथून सगळं पालटलं. ‘दू’ (तू) आणि ‘झी’ (आदरार्थी तुम्ही) हा फरक इंग्रजी सबटायटलमध्ये दिसतच नाही, कारण इंग्रजीत दोघांना एकच शब्द. जर्मनमध्ये त्यासाठी दोन क्रियापदं आहेत, ‘दूत्सेन’ आणि ‘झीत्सेन’. म्हणजे आपलं अरेतुरे करणं आणि अहोजाहो करणं! एका प्रसंगात वरिष्ठ अधिकारी रागाच्या भरात एकदम ‘दू’वर येतो आणि समोरच्याचा चेहरा उतरतो. इंग्रजी ओळीत काहीच बदललेलं नव्हतं, त्यामुळे पहिल्यांदा पाहताना तो चेहरा का उतरला हेच मला कळलं नव्हतं.

सगळ्यात मोठा शोध मात्र ‘दोख’, ‘माल’, ‘या’, ‘हाल्ट’ या बारक्या शब्दांचा. शब्दकोशात त्यांचे अर्थ बघून माझ्या पदरात काही पडलं नव्हतं. ‘कॉम दोख माल हेर’ या वाक्याचं इंग्रजी सबटायटल फक्त ‘इकडे ये’ एवढंच सांगतं. मराठीत ते सरळ ‘ये ना जरा इकडे’ असं होतं. ‘दास हाब इश दीर दोख गेझाग्ट’ म्हणजे ‘सांगितलं होतं की मी तुला!’ आपले ‘ना’, ‘की’, ‘जरा’, ‘तर’ जे काम करतात तेच काम हे शब्द करतात: वाक्यात माणसाचा स्वभाव आणि मनःस्थिती आणतात. एकास एक जोड्या लावायला जाऊ नका, प्रसंगागणिक त्या बदलतात. मी वहीत एक पान फक्त ‘दोख’साठी ठेवलं आहे. प्रत्येक वाक्याखाली त्या प्रसंगात मराठी माणूस काय म्हणाला असता ते लिहिते. गेल्या आठवड्यापर्यंत त्या पानावर त्रेसष्ट वाक्यं होती आणि मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्या पानानं.

मग जर्मन सबटायटल लावली आणि नवा धक्का बसला. ऐकू येतं ते आणि लिहिलेलं ते जुळेना! आधी वाटलं माझाच कान कच्चा आहे. कारण साधं आहे. सबटायटल वाचून व्हावं लागतं, म्हणून ते सहसा दोन ओळींत बसवतात आणि एका ओळीत साधारण 42 अक्षरांची मर्यादा पाळतात. पात्र भरभर बोलत असेल तर काटछाट होते, आणि कात्री पहिल्यांदा लागते ती ‘दोख’ आणि ‘माल’लाच. शिवाय लिहिताना भाषा नीटनेटकी केली जाते. पडद्यावर ‘हास्ट दू’, कानावर ‘हास्त’. पडद्यावर ‘निश्ट’, कानावर ‘निश’. बव्हेरियन पात्र ‘इ वोआस नेट’ म्हणतं आणि खाली शिस्तीत ‘इश वाइस निश्ट’ (मला माहीत नाही) लिहिलेलं असतं.

मी या तफावतीलाच अभ्यास बनवलं. दोन-तीन मिनिटांचा तुकडा आधी सबटायटलशिवाय ऐकायचा आणि ऐकू येईल तसा लिहायचा. मग सबटायटलशी ताडून बघायचं, फरकाच्या जागी लाल खूण करायची, आणि तेवढीच जागा पुन्हा ऐकायची. लाल खुणांचे प्रकार तीन-चारच निघतात हे महिनाभरात लक्षात आलं. एकदा ‘आयनेन’चं ‘नेन’ होतं हे कानाला पटलं की ते सगळीकडे ऐकू यायला लागतं.

चित्रपट निवडताना एक गोष्ट पाळाच: मूळ जर्मनमध्ये बनलेलाच घ्या. परदेशी चित्रपट तिथे सर्रास डब होतात, आणि डबिंगचे संवाद व सबटायटल ही दोन वेगळी भाषांतरं असतात. एकाला ओठांच्या हालचालीशी जुळायचं असतं, दुसऱ्याला वाचनाच्या वेगाशी. ती जुळवत बसण्यात मी एक आठवडा घालवला. बहिऱ्या प्रेक्षकांसाठी केलेली सबटायटल त्यातल्या त्यात बोलण्याच्या जवळची वाटली. एआरडी आणि झेडडीएफ या वाहिन्यांच्या अशा सबटायटलमध्ये पात्रांना वेगवेगळे रंग असतात, त्यामुळे एकाच वेळी दोघं बोलत असले तरी कोण काय म्हणालं ते कळतं. अगदी सुरुवात असेल तर डॉयचे वेले या जर्मन प्रसारणसंस्थेचा मोफत चित्रपट-अभ्यासक्रम आधी करा, तो ए1 ते बी1 पर्यंत जातो.

तांत्रिक कटकटींपैकी एकच सविस्तर सांगते, कारण तिनं मला रडवलं. सबटायटल सुरुवातीला बरोबर आणि पुढे हळूहळू मागे-पुढे होत असेल, तर ते नुसतं सरकवून भागत नाही. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींचा (फ्रेम्सचा) असतो, पण युरोपातल्या टीव्हीसाठी तो पुष्कळदा 25 नं चालवतात. दोन तासांचा चित्रपट त्यामुळे जवळजवळ पाच मिनिटं आधी संपतो. अशा वेळी सबटायटलची फाइल त्या प्रमाणात ताणावी किंवा आवळावी लागते. सगळंच ठरावीक अंतरानं चुकत असेल तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये जी आणि एच या कळा पुरतात.

पटकथा मिळाली तर सोडू नका, पण ती सबटायटलच्या जागी वापरू नका. ती चित्रीकरणाच्या आधीची असते, आणि नट सेटवर शब्द बदलतात, वाक्यं गाळतात. तिचं खरं धन संवादांमधल्या सूचनांत आहे. कोण उठतं, दाराशी जातं, खुर्ची मागे सरकवतं, मान वळवतं, हे सगळं वर्तमानकाळात आणि छोट्या वाक्यांत येतं. रोजच्या हालचालींची क्रियापदं मला कुठल्याही पाठ्यपुस्तकानं इतकी दिली नाहीत. मी सूचना वाचून तो प्रसंग आवाज बंद करून बघते आणि काय घडतंय ते जर्मनमध्ये मोठ्यानं सांगते.

बोलण्यात मात्र म्हणावा तसा फरक नाही. ऐकलेलं वाक्य ओळखता येतं, वेळेवर तोंडात येत नाही. त्यासाठी समोर माणूसच लागतो, आणि महिनाभरापूर्वी मी आठवड्यातून दोनदा संभाषणाचा सराव सुरू केला आहे. गेल्या आठवड्यात बोलता बोलता माझ्या तोंडून न ठरवता ‘दोख’ गेलं. समोरची बाई क्षणभर थांबून हसली आणि म्हणाली, हे बरोबर जागी आलं. त्या रात्री वहीच्या त्या पानावर चौसष्टावं वाक्य लिहिलं, पहिल्यांदाच माझं स्वतःचं.