रिंग रोडवरचा दोन दिवसांचा ‘शॉर्ट स्क्वीझ’ क्लास : भरीत झकास, आलेख अर्धवट

5 पैकी 2 स्टार. त्यातला एक भरीत-पुरीचा.

मी जळगावच्या एमआयडीसीत एका दाल मिलमध्ये हिशेब लिहिते. शेअर बाजारात चार वर्षं आहे, म्हणजे एसआयपी आणि बँकांचे थोडे शेअर. डिसेंबरात व्हॉट्सॲपवर जाहिरात फिरत आली, ‘शॉर्टवाले अडकले की आपण कमवायचं!’ फी 7,500 रुपये, वर तीन महिने ‘कॉल’चा, म्हणजे कोणता शेअर कितीला घ्या-विका ते सांगणारा ग्रुप फुकट. संस्थेचं नाव लिहीत नाही, ज्यांनी केलाय त्यांना कळेलच.

हॉलमध्ये साठेक खुर्च्या. रावेर-यावलकडची केळीवाल्यांची पोरं, सराफ बाजारातले दोघं, भुसावळहून आलेले कॉलेजचे मुलगे. बायका आम्ही तिघीच. सर बोलायला पक्के आणि पहिल्या दिवशी शिकवलंही चांगलं, ते मान्य करते. शॉर्ट म्हणजे आधी विकायचं, मग घ्यायचं. रात्री सासूबाईंना मी ते दादर ज्वारीच्या पोत्यावरून सांगितलं. शेजारणीकडून पोतं उसनं आणलं, आजच्या भावानं विकून टाकलं. भाव पडला की स्वस्तात घेऊन फेडायचं, मधला पैसा आपला. पण भाव चढला, आणि आपल्यासारख्याच वीस जणी त्याच दिवशी उसनं फेडायला बाजारात निघाल्या तर? पोती मोजकीच. मग व्यापारी म्हणेल तो भाव. ही कोंडी म्हणजे शॉर्ट स्क्वीझ.

फोक्सवॅगन या जर्मन मोटार कंपनीचा किस्सा सरांनी रंगवून सांगितला. ऑक्टोबर 2008 मध्ये पोर्शे या दुसऱ्या मोटार कंपनीनं जाहीर केलं की शेअर आणि ऑप्शन (ठरल्या भावाचे हक्काचे करार) मिळून फोक्सवॅगनचा 74 टक्के वाटा आपल्या हातात आहे. 20 टक्के तिथल्या लोअर सॅक्सनी राज्याकडे होते. बाजारात उरले जेमतेम 6 टक्के, आणि उसने घेऊन विकलेले शेअर त्याच्या दुप्पट. दोन दिवसांत भाव 1,000 युरोच्या वर गेला. हॉलमध्ये शिट्ट्या.

दुसऱ्या दिवशी गेमस्टॉप, अमेरिकेतली व्हिडिओ गेमच्या दुकानांची कंपनी. 2020 संपताना भाव 19 डॉलरच्या आसपास, 28 जानेवारी 2021 ला 483. शॉर्ट केलेले शेअर बाजारातल्या मोकळ्या शेअरांपेक्षाही जास्त होते. हे कसं, तर विकलेलं पोतं ज्यानं घेतलं, तोही ते पुन्हा उसनं देऊ शकतो. पडद्यावर हिरवी रेघ चढत गेली, 483 वर बाण, आणि स्लाइड संपली. मी हात वर केला, “सर, याच्या पुढे?”

“पुढे करेक्शन आलं मॅडम. चला, जेवून घेऊ.”

(भरीत खरंच चांगलं होतं. हिरव्या मिरचीचं, वर कांद्याची पात, पुऱ्या गरम. स्टार तिथेच दिला.)

करेक्शन म्हणजे भाव किती उतरला ते घरी येऊन बघितलं. 19 फेब्रुवारीला भाव 40 डॉलर. आणि ज्या दिवशी 483 झाला त्याच दिवशी रॉबिनहूड ॲपनं लोकांची खरेदी बंद केली होती, फक्त विकता येत होतं, कारण सौदे मिटवणाऱ्या संस्थेनं, क्लिअरिंग हाउसनं, त्यांच्याकडे जादा अनामत मागितली. म्हणजे त्या सकाळी दुसरीकडून चारशेच्या वर घेतलेल्या पोराला तीन आठवड्यांत रुपयाचे दहा पैसे. या क्लासमध्ये शिकायची गोष्ट तीच होती, आणि तेवढीच कापलेली.

आपल्याकडचं गणितही सरांनी उरकलं. इथे छोट्या माणसाला कॅशमध्ये, म्हणजे थेट शेअरच्या बाजारात, शॉर्ट करायचं तर त्याच दिवशी परत घेऊन कव्हर करावं लागतं. रात्रभर ठेवायचं तर फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, नाहीतर शेअर रीतसर उसने घ्यायची एसएलबीची सोय. फ्युचर्समधलं ओपन इंटरेस्ट (अजून न मिटलेल्या सौद्यांचा आकडा) वाढलं आणि भाव पडला की ‘शॉर्टवाले भरलेत, आता स्क्वीझ येणार’, असं त्यांचं सूत्र. अहो, प्रत्येक सौद्यात एक घेणारा आणि एक विकणारा असतोच. त्यातला कोण आधी घाबरून पळेल ते त्या आकड्यात कुठे लिहिलेलं असतं?

आता माझं गाऱ्हाणं. जानेवारीत ग्रुपवर एका छोट्या कंपनीचा कॉल आला, ‘118 ला शॉर्ट करा, टार्गेट 112’. मी 200 शेअर विकले. खात्यातले जेमतेम पाच हजार अडकले. पावणेदोनला शेअर 123.20 च्या अप्पर सर्किटला, म्हणजे दिवसाच्या वरच्या मर्यादेला, लॉक झाला. विकणारा एकही नाही. मी हजार रुपयांचा तोटा धरून बसले. 3:20 ला ॲपनं आपोआप सौदा कापायचा प्रयत्न केला, पण घ्यायला शेअर कुठून आणणार? दुसऱ्या दिवशी ऑक्शन लागलं, म्हणजे मी न दिलेले शेअर लिलावात माझ्या खर्चानं घेतले. ऑक्शनमध्ये आदल्या दिवशीच्या बंद भावाच्या 20 टक्के वरपर्यंत भाव जाऊ शकतो, हे मला ब्रोकरच्या ऑफिसातल्या पोरानं फोनवर सांगितलं. 7,500 रुपयांच्या क्लासनं नाही. 139.50 ला मिटलं. 4,300 गेले, दंड आणि जीएसटी वेगळा. शॉर्टवाले अडकले की कमवायचं म्हणून गेले आणि अडकलेली शॉर्टवाली मीच. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “तुले काय गरज व्हती वं माय?”

ग्रुपवर विचारलं तर उत्तर आलं, “मार्केट आहे मॅडम, रिस्क असतेच.” थोड्या वेळानं माझा मेसेजच गायब. मग त्यांचं कार्ड काढून बघितलं. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीकडे नोंदलेल्या रिसर्च ॲनालिस्टचा (शेअरचे सल्ले देणाऱ्याचा) नंबर आयएनएचनं सुरू होतो. कार्डावर होता छोट्या धंद्यांच्या उद्यम नोंदणीचा नंबर, तो तर आमच्या शेजारच्या शेवयांच्या मशीनवालीकडेही आहे. हे फी भरायच्या आधी बघायचं होतं, ती चूक माझी. तशी तर माझं ॲप रोज उघडताना ‘एफ अँड ओत (फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये) 10 पैकी 9 जणांना तोटा’ अशी सेबीच्या अभ्यासाची पाटी दाखवतं, तीही मी रोज न वाचता ओके करते.

शॉर्ट म्हणजे काय एवढंच समजून घ्यायचं असेल तर पहिल्या दिवसाचे 1,500 घेतले असते तरी मी चार स्टार दिले असते. कॉलच्या ग्रुपला शून्य.

परवा चाळीसगावचा भाचा आला. त्याला पुढच्या बॅचला जायचंय, म्हणून पुस्तिका मागत होता. दिली. गेमस्टॉपच्या पानामागे कोरं पान होतं, त्यावर फेब्रुवारीचा आलेख मिलमधल्या प्रिंटरवर काढून डिंकानं चिकटवलाय. डिंक ओला होता, म्हणून दोन्ही पानं थोडी चिकटलीत. सावकाश उघड म्हटलं.