सेक्स्टंट घेताय? आधी आरसे बघा

सेक्स्टंट म्हणजे समुद्रावर सूर्य-ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची कोनात मोजून आपली जागा काढायचं उपकरण. तो घेताना चर्चा होते ती चौकटीच्या धातूची, नाहीतर दुर्बिणीची. काही महिने सतत वापरल्यावर माझं ठाम मत झालंय की पारख आरशांची करावी, आणि ते ज्या पट्ट्यांत-स्क्रूंत बसवलेत त्यांचीही.

कमानीवर सरकणाऱ्या भुजेवरचा आरसा एक अंश फिरला की परावर्तित किरण दोन अंश वळतो. म्हणून तर ६० अंशांच्या कमानीवर १२० अंशांपर्यंतचा कोन मोजता येतो. पण आरसा बैठकीत किंचित सैल असला तर चूकही दुपटीनं येते, आणि उंचीच्या कोनात एक मिनिट (अंशाचा साठावा भाग) चुकलं की पोझिशन लाइन, म्हणजे नकाशावरची जिच्यावर कुठंतरी आपली बोट आहे ती रेघ, एक सागरी मैल सरकते.

माझ्याकडचा क्षितिज-आरसा, म्हणजे चौकटीवर बसवलेला, ज्याच्याकडे बघून क्षितिज पकडतात तो दुसरा आरसा, जुन्या पद्धतीचा आहे, अर्धा मुलामा दिलेला आणि अर्धी साधी काच. पूर्ण क्षितिज दाखवणारा आरसाही बराच वापरला. बोट डोलत असताना सूर्य पकडायला तो फार सोपा, बिंब नजरेतून निसटत नाही. पण त्याचा लेप प्रकाश वाटून घेतो. संध्याकाळी तारे आणि क्षितिज दोन्ही दिसतात ती वेळ मुळात थोडी, त्यात दोन्ही फिके पडले की पंचाईत. तारे घेणाऱ्यानं अर्धाच आरसा घ्यावा.

भुजेवरचा आरसा चौकटीशी काटकोनात आहे का हे बघायला भुजा ३५ अंशांच्या आसपास ठेवायची, सेक्स्टंट आडवा धरायचा आणि आरशात तिरकं बघायचं. खरी कमान आणि तिचं प्रतिबिंब एका रेषेत जुळलं पाहिजे. पायरी दिसली तर मागचा स्क्रू फिरवायचा. माझ्या सेक्स्टंटमध्ये हा स्क्रू क्वचितच हलवावा लागला, याबद्दल बनवणाऱ्याला पूर्ण गुण. क्षितिज-आरशाचे दोन स्क्रू मात्र एकमेकांत गुंतलेले. एकानं साइड एरर (हा आरसा चौकटीशी काटकोनात नसल्याची चूक) काढली की दुसऱ्याची इंडेक्स एरर (शून्यावर ठेवूनही राहणारा कोनाचा फरक) बदलते, म्हणून आळीपाळीनं अगदी थोडं थोडं फिरवावं लागतं. दोन-तीन मिनिटांची इंडेक्स एरर मी तशीच ठेवतो आणि हिशेबात वजा-अधिक करतो. मोजतो मात्र दर वेळी.

गडद काचा चांगल्या आहेत. मिनिटं वाचायचा ड्रम गुळगुळीत फिरतो.

तक्रार एकच, पण मोठी. भुजेवरच्या आरशाच्या खालच्या कडेला काळी रेघ उमटलीय. गोड्या पाण्यानं ओल्या केलेल्या मऊ कापडानं प्रत्येक वेळी पुसूनही खारं पाणी मुलाम्यामागे शिरलंच, कारण पाठीचा रंग कडेपर्यंत नीट पोचलेला नाही. समुद्रावर वापरायच्या उपकरणात हे खपवून घेण्यासारखं नाही. नवा आरसा मागवलाय, बसवण्याआधी त्याच्या कडांना लॅकरचा हात देणार आहे.