तारखा विचारून घेणारा विक्रेता: जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरच्या खरेदीत झालेली आमची फसवणूक

उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडीमागे ट्रॅव्हल ट्रेलर जोडून लांबच्या प्रवासाला निघण्याचा बेत अमेरिकेतील मराठी घरांतही होऊ लागला आहे, आणि त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. भारतातून आलेल्या आई-वडिलांना रोज बाहेरचे जेवण चालत नाही, मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळाव्या लागतात. अशा वेळी स्वतःचे स्वयंपाकघर, अंथरूण आणि स्वच्छतागृह सोबत असले, तर वयस्कर माणसांनाही यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानापर्यंतचा प्रवास झेपतो. याच विचाराने आम्ही डॅलसजवळ एक जुना ट्रेलर विकत घेतला आणि त्यात पुरते फसवले गेलो. ही फसवणूक कोणत्या क्रमाने घडली, हे अशा बेतात असलेल्या इतरांना कळावे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमचा मार्ग डॅलसहून कोलोरॅडोमार्गे यलोस्टोन आणि परतताना साउथ डकोटातील ब्लॅक हिल्स असा, आतल्या फिरण्यासह सुमारे ३,२०० मैलांचा होता. ट्रेलर ओढताना गाडी एका गॅलनला नऊ-दहा मैलांहून अधिक जात नाही, हे गृहीत धरून साडेतीनशे गॅलन पेट्रोल, मुक्कामाच्या जागेला रात्री ४० ते ८० डॉलर, ट्रेलरचे ब्रेक गाडीतून चालवणारा ब्रेक कंट्रोलर आणि ट्रेलर गाडीला जोडणारा हिच यांचा खर्च, विमा, आणि ट्रेलरसाठी १४,००० डॉलर असा हिशेब मांडला होता. प्रवासानंतर ट्रेलर विकला की त्यातील बराच पैसा परत येईल, असाही अंदाज होता. यलोस्टोनमध्ये पाणी, वीज आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या देणारा फिशिंग ब्रिज हा एकच तळ आहे आणि तिथली जागा कित्येक महिने आधी धरावी लागते, त्यामुळे ती आम्ही आधीच धरली होती. आई-बाबांची मुंबईची परतीची तिकिटेही काढलेली होती. थोडक्यात, ट्रेलर हातात येण्यापूर्वीच आमच्या तारखा पक्क्या झालेल्या होत्या, आणि नेमकी हीच गोष्ट विक्रेत्याने आमच्याकडून सर्वांत आधी काढून घेतली. पहिल्या फोनवर किमतीची बोलणी सुरू होण्याआधी त्याने विचारले, ‘तुम्ही निघणार कधी?’ त्या वेळी हा प्रश्न आपुलकीचा वाटला. नंतर घडलेली प्रत्येक गोष्ट त्या उत्तराच्या आधारे आखलेली होती, हे आज स्पष्ट दिसते.

जाहिरातीत तो स्वतःला खासगी मालक म्हणवत होता; नोकरी दुसऱ्या राज्यात लागल्यामुळे घाईने विकतो आहे, असे सांगत होता. ट्रेलर बाहेरून चकचकीत होता, आत नवे व्हिनाइल फ्लोअरिंग होते, भिंतींना नुकताच रंग दिलेला होता आणि सुगंधी फवाऱ्याचा उग्र वास भरून राहिला होता. आमच्या एसयूव्हीची ओढण्याची मर्यादा ५,००० पौंड आहे हे कळताच त्याने एक छापील कागद पुढे केला. त्यावर ट्रेलरचे वजन ३,९०० पौंड लिहिले होते. ट्रेलरच्या डाव्या बाजूला पुढच्या भागात निर्मात्याची जी पट्टी असते, जिच्यावर व्हीआयएन, म्हणजे वाहनाचा ओळख क्रमांक, आणि जास्तीत जास्त अनुज्ञेय वजन छापलेले असते, ती पट्टी तिथे नव्हती. रंग देताना निघाली, नवी मागवली आहे, असे त्याने सांगितले.

नाहीशा होणाऱ्या पट्ट्यांचा हा प्रकार या देशात नवा नाही. २००५ च्या कतरिना चक्रीवादळानंतर सरकारने निर्वासितांना दिलेल्या ट्रेलरांमध्ये फॉर्माल्डिहाइड या विषारी वायूचे प्रमाण घातक आढळले; पुढे ते लिलावात विकताना ‘राहण्यासाठी वापरू नये’ असे स्टिकर त्यांवर लावण्यात आले. २०१० साली मेक्सिकोच्या आखातात तेलगळती झाली, तेव्हा सफाईच्या कामावर आलेले लोक त्यातल्याच ट्रेलरांत राहत असल्याचे आणि त्यातल्या काहींवरचे स्टिकर गायब असल्याचे उघडकीस आले होते. जिथे पट्टी असायला हवी तिथे ती नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवण्याइतके ते कारण मोठे आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

ताबा देण्यासाठी त्याने शनिवारची संध्याकाळ ठरवली. टेक्सासमध्ये वाहनाची मालकी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कर कार्यालयात बदलून घ्यावी लागते आणि शनिवारी संध्याकाळी ते बंद असते. सोमवारी दोघे मिळून कार्यालयात जाऊ, असे मी सुचवल्यावर त्याने उत्तर दिले की रविवारी त्याला गाव सोडायचे आहे, दुसरे गिऱ्हाईक रोख घेऊन तयार आहे, आणि ‘तुमच्या तारखांचा विचार करून’ त्याने ते थांबवून ठेवले आहे. मालकीपत्र लुइझियानातील एका वेगळ्याच नावाचे होते. तो आपला मेहुणा असल्याचे सांगून त्याने नोटरीचा शिक्का असलेले मुखत्यारपत्र दाखवले. इसार ‘झेल’ या बँकांच्या पैसे पाठवण्याच्या सेवेवरून आधीच गेला होता. उरलेली रक्कम कॅशिअर्स चेकने, म्हणजे बँकेने स्वतःच्या नावे काढलेल्या धनादेशाने, दिली.

सोमवारी काउंटीच्या खिडकीवरील बाईंनी क्रमांक तपासून सांगितले की हे मालकीपत्र रद्द झालेले आहे, त्याच व्हीआयएनवर नंतर नवे पत्र निघालेले आहे आणि त्यावर पुराच्या नुकसानीची नोंद आहे. विमा कंपनीने पूर्ण नुकसान धरून निकालात काढलेले वाहन दुरुस्तीचा देखावा करून, जुन्या कागदावर दुसऱ्या राज्यात खपवले गेले होते. २०१७ चे हार्वी असो की २०२२ चे इयन, प्रत्येक मोठ्या वादळानंतर अशी वाहने किनाऱ्यापासून दूरच्या राज्यांत पोहोचतात, कारण तिथे पुराचा संशय कोणी घेत नाही.

घरी येऊन आम्ही ट्रेलर आतून उघडायला घेतला. पलंगाखालचा ड्रॉवर पूर्ण बाहेर काढल्यावर त्याच्या रुळांच्या खाचेत वाळलेला, पिठासारखा बारीक गाळ साचलेला दिसला. जेवणाच्या बाकाखालच्या प्लायवूडवर चारही बाजूंना एकाच उंचीवर तपकिरी रेघ होती. तिच्याखालचे सगळे स्टेपल गंजून काळे झालेले आणि वरचे मात्र चकाकणारे होते. नवे व्हिनाइल दाराजवळ उचलले तेव्हा खालच्या फळीत स्क्रूड्रायव्हर नुसत्या अंगठ्याच्या जोराने आत गेला. टायरांना काळे पॉलिश लावलेले होते, पण आतल्या अंगाला ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या, टायरवर कोरलेल्या ओळीतील शेवटचे चार अंक १९१४ असे होते, म्हणजे ते टायर २०१४ सालच्या एकोणिसाव्या आठवड्यात तयार झालेले होते. ट्रेलरचे टायर नक्षी शाबूत असली तरी साधारण पाच-सहा वर्षांत बदलावेत, असा या क्षेत्रातला सर्वमान्य सल्ला आहे. बाबा शेजारी उभे राहून हे सर्व पाहत होते आणि त्यांना वाटत होते की हा खर्च आपल्यामुळे झाला. ती गोष्ट मला पैशांपेक्षा अधिक लागली.

वजनाचा कागदही खोटा निघाला. ट्रकस्टॉपवरच्या काट्यावर पंधरा-वीस डॉलरांत प्रत्येक आसावरचे वजन मिळते. तिथे रिकामा ट्रेलरच ४,६०० पौंडांच्या वर भरला. पाणी एका गॅलनला ८.३४ पौंड, म्हणजे तीस गॅलनच्या टाकीचे अडीचशे पौंड. त्यावर गॅस, बॅटरी, भांडीकुंडी, कपडे आणि धान्य धरले तर ५,००० ची मर्यादा घराबाहेर पडण्यापूर्वीच ओलांडली जाते. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भार हिचवर येतो, आणि तो गाडीतील माणसे व सामान यांच्यासाठी चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या मर्यादेतून वजा होतो. सहा माणसे बसल्यावर आमच्या गाडीत तेवढी जागा उरतच नव्हती. वायोमिंगच्या घाटउतारावर अशी जोडी घेऊन जाण्याचा अर्थ काय, हे त्या विक्रेत्याला पुरेपूर माहीत होते. मागे लहान मुले बसणार आहेत, हेही मी त्याला सांगितले होते. पैसे घेतल्याबद्दलचा राग कधीतरी निवळेल, याबद्दलचा निवळणार नाही.

झेलवरून स्वतःच्या हाताने पाठवलेला पैसा बँकेने परत केला नाही आणि कॅशिअर्स चेक वटलेला होता. पोलिसांत तक्रार, राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे, मोटार वाहन विभागाकडे आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे नोंद, हे सर्व केले. दुरुस्तीचा अंदाज खरेदीच्या किमतीच्या जवळ गेला. प्रवास आम्ही नुसत्या गाडीने आणि मोटेलांत राहून, ब्लॅक हिल्स वगळून केला.

आपला बेत असेल तर सहलीच्या अंदाजपत्रकात ट्रेलरच्या किमतीआधी तपासणीचा खर्च लिहावा. प्रमाणित आरव्ही (ट्रेलरसारख्या राहण्याच्या वाहनांचा) निरीक्षक काही शे डॉलर घेतो आणि ओलाव्याच्या मीटरने भिंती, छप्पर आणि जमीन तपासून देतो. व्हीआयएनचे सतराही अंक-अक्षरे आपल्या विमा कंपनीला आधी कळवून पॉलिसीचा दर मागावा; नॅशनल इन्शुरन्स क्राइम ब्युरोचा मोफत शोधही करावा, मात्र त्यात सहभागी विमा कंपन्यांच्याच नोंदी असतात. पैसे मालकीपत्रावर ज्याचे नाव आहे त्याच्याच हाती, कामकाजाच्या दिवशी, काउंटीच्या कार्यालयात द्यावेत. विक्रेत्याला सोबत घेऊन जावे, असे टेक्सासचा मोटार वाहन विभागही सांगतो. आणि ट्रेलर हाती येईपर्यंत आपल्या तारखा कोणालाही सांगू नयेत.

अलीकडे त्याच मजकुराची जाहिरात ओक्लाहोमातील एका शहराच्या नावाने पुन्हा दिसली: वेगळा ट्रेलर, वेगळे नाव, पण तेच नोकरीचे कारण आणि फोटोत मागे आधीच्या जाहिरातीतले तेच पांढरे लाकडी कुंपण, ज्याच्या डावीकडच्या दोन फळ्या तुटलेल्या आहेत. मी ती पोलिसांना आणि संकेतस्थळाला कळवली आहे. असे कुंपण फोटोत दिसले आणि पहिल्या फोनवर निघण्याची तारीख विचारली गेली, तर एक डॉलरही पाठवू नका.