कुंभारीच्या घरकुलांत राहायला जाण्यापूर्वी

सोलापुरातून अक्कलकोट रस्त्याने एमआयडीसी मागे टाकून पुढे गेले की दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारीच्या शिवारात कामगारांच्या घरांची भलीमोठी वसाहत लागते. गोदूताई परुळेकर वसाहत आणि तिच्यानंतर उभे राहिलेले रे नगर, या दोन्ही ठिकाणी माझ्या नात्यातली आणि ओळखीची माणसे राहतात, त्यामुळे माझे जाणे-येणे असते. अलीकडे सोलापूरच्या पूर्व भागातील अनेक कुटुंबे ‘तिकडे राहायला जावे का’ असे विचारतात. त्यांच्यासाठी हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. घर म्हणून दोन्ही वसाहती मला मनापासून आवडतात. गाव म्हणून मात्र पहिली वसाहत आज रुळली आहे आणि दुसरीला अजून वेळ द्यावा लागेल, असे माझे मत आहे.

एक खुलासा आधीच केलेला बरा. शहरात हैदराबाद रस्त्याकडे जुने विडी घरकुल आहे, ते वेगळे. रिक्षावाल्याला नुसते ‘विडी घरकुल’ म्हटले तर तो तिकडेही नेऊ शकतो, म्हणून ‘कुंभारीचे’ असे स्पष्ट सांगावे.

ही वसाहत का झाली, हे समजल्याशिवाय तिचे गुणदोष नीट कळत नाहीत. 1877 मध्ये सोलापुरात पहिली कापड गिरणी उभी राहिली, मागोमाग आणखी गिरण्या आल्या आणि तेलंगणाकडून आलेली पद्मशाली विणकर कुटुंबे शहराच्या पूर्व भागात स्थिरावली. पुरुष हातमागावर आणि पुढे यंत्रमागावर, तर घरातल्या बायका विड्या वळण्याच्या कामावर, अशी या भागाची घडी पिढ्यान्‌पिढ्या बसली होती. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या तेव्हा अनेक घरांची चूल विडीवरच पेटती राहिली. या बायका राहत होत्या त्या भाड्याच्या खोल्या मात्र इतक्या लहान असत की पान, तंबाखू, स्वयंपाक आणि झोपणे हे सगळे एकाच चौकोनात चाले. रात्री तंबाखूचे सूप भिंतीला टेकवून ठेवायचे आणि त्याच्याच शेजारी लेकरू निजवायचे, हे मी लहानपणापासून पाहिलेले आहे. विडी कामगार स्त्रियांना स्वतःच्या नावावर घर मिळावे, ही मागणी लाल बावट्याच्या कामगार संघटनेने मार्क्सवादी कम्युनिस्ट नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने वर्षानुवर्षे लावून धरली. केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि कामगार स्त्रीने पदरचे घातलेले पैसे अशा तिहेरी आधारावर सुमारे 10,000 घरे उभी राहिली आणि 2006 मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचे हस्तांतरण झाले. वारली आदिवासींच्या लढ्याच्या नेत्या गोदूताई परुळेकर यांचे नाव या वसाहतीला मिळाले, ते सर्वार्थाने योग्य आहे.

या पहिल्या वसाहतीतले घर बैठे आहे आणि त्याला थोडे अंगण आहे. हाच तिचा सर्वांत मोठा गुण, असे मी मानतो. विडीचे काम उजेडाचे आणि मोकळ्या हवेचे आहे. आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने सकाळी उंबऱ्यात घेऊन बसायची, पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीने त्याच्या कडेने कापायचे, मांडीवरच्या सुपातून चिमूटभर तंबाखू पानावर पसरायचा, बोटांनी गुंडाळी करायची, तोंड नखाने दुमडायचे आणि दोरा बांधून विडी बाजूला टाकायची. हजार विड्या होईपर्यंत ही बैठक मोडत नाही. बंद खोलीत हेच काम केले तर तंबाखूची धूळ घरभर आणि छातीभर जाते. अंगणात बसता आले की तो त्रास निदान कमी होतो. शिवाय कुटुंब वाढले तसे लोकांनी ऐपतीप्रमाणे पुढे एक खोली काढली, जिना घातला, कोणी रस्त्याकडेच्या खोलीत किराणा मांडला, कोणी शिलाई यंत्रे लावली. सगळी घरे एका साच्यातून काढलेली होती, यावर आज तिथून चालताना विश्वास बसत नाही. दारात रांगोळी, आत तेलुगूतून चाललेली बोलणी, गल्लीत मुलांचे मराठी आणि दुकानात कन्नड-दखनीची सरमिसळ, असे पूर्व भागाचे सारे रूप तिथे जसेच्या तसे उतरले आहे.

रे नगरचा आकार पुष्कळच मोठा आहे. प्रधानमंत्री आवास योजनेतून असंघटित कामगारांसाठी 30,000 घरांचा हा प्रकल्प आखला गेला. 9 जानेवारी 2019 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि 19 जानेवारी 2024 रोजी त्यांच्याच हस्ते पहिल्या 15,000 घरांचे हस्तांतरण झाले. येथे विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरावेचक, वाहनचालक अशा अनेक व्यवसायांतील माणसे आली आहेत. घर सुमारे 300 चौरस फुटांचे, मजल्यांच्या इमारतीतले. भाड्याच्या खोलीतून आलेल्या कुटुंबाला स्वयंपाकाचा स्वतंत्र ओटा आणि दाराच्या आत शौचालय मिळणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे ज्यांनी सार्वजनिक शौचालयासमोर पहाटे रांग लावली आहे त्यांनाच विचारावे. मोठ्या होणाऱ्या मुलींच्या आयांना तर या एका सोयीपुढे बाकी सगळ्या अडचणी दुय्यम वाटतात आणि मला त्यांचे म्हणणे पूर्ण पटते.

तरीही विडी वळणाऱ्या बाईच्या दृष्टीने पाहिले तर मजल्यावरचे घर बैठ्या घराची बरोबरी करू शकत नाही. अंगण नाही, खोली वाढवता येत नाही, पानाचे ओझे जिन्याने वर न्यावे लागते आणि तयार माल पुन्हा खाली आणावा लागतो. घरी बसून काम करणाऱ्या माणसाचे घर हीच त्याची कामाची जागा असते; पुढे कोठेही कामगारांसाठी घरे बांधताना हा विचार नकाशातच झाला पाहिजे, असे मला तळमळीने वाटते. प्रत्येक इमारतीच्या तळाशी एखादा प्रशस्त, हवेशीर ओटा किंवा ओसरी असती तरी पुष्कळ काम झाले असते.

आता लोकसंख्येकडे वळतो, कारण माझी खरी काळजी तिथे आहे. 2001 च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या 8,72,478 होती आणि 2011 मध्ये ती 9,51,558 झाली, म्हणजे दहा वर्षांत जेमतेम नऊ टक्क्यांची वाढ. 1992 च्या हद्दवाढीने आजूबाजूची गावे शहरात आल्यावर सोलापूर कागदावर फुगले होते. त्यानंतर मात्र शहराची वाढ मंदावली आणि त्याच काळात हद्दीबाहेरच्या कुंभारीला हजारो घरे आली. दोन्ही वसाहतींची मिळून 40,000 घरे धरली आणि घरटी चारच माणसे मोजली तरी 1,60,000 हा आकडा येतो. 2011 मध्ये पंढरपूर शहराची लोकसंख्या 98,923 आणि बार्शीची 1,18,722 होती. म्हणजे सगळी घरे भरली तर जिल्ह्यातल्या या दोन नामांकित नगरांपैकी कोणत्याही एकाहून मोठी वस्ती एका गावाच्या शिवारात नांदेल. पंढरपूर आणि बार्शी यांना नगरपालिका आहे, बाजारपेठ आहे, शाळा-महाविद्यालयांची परंपरा आहे. ते सगळे तिथे शतकानुशतके हळूहळू साठत गेले. इथे माणसे काही वर्षांत आली आहेत. पाणी, सांडपाणी, कचरा, रस्त्यावरचे दिवे आणि स्मशानभूमी यांची व्यवस्था ग्रामपंचायतीच्या मापाने नव्हे, शहराच्या मापाने व्हायला हवी आणि तीही माणसांच्या पाठोपाठ नव्हे तर बरोबर. 2011 नंतरची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे निधी आणि सोयी ठरवताना हाताशी राहतात ते जुनेच आकडे.

आरोग्याच्या बाबतीत एक मोठी जमेची बाजू म्हणजे अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय कुंभारीतच आहे. रात्री-अपरात्री कोणाला न्यायची वेळ आली तर शहरापर्यंत धावावे लागत नाही.

प्रवास हा मात्र रोजचा प्रश्न आहे. शहरातल्या अशोक चौक, साखर पेठ किंवा दत्त नगर भागात ज्यांचे काम आहे त्यांना रोज दहा-बारा किलोमीटर जावे आणि तेवढेच परत यावे लागते. पूर्वी कारखान्यापासून दोन गल्ल्यांवर राहणारा माणूस जेवायला घरी येत असे. आता डबा न्यावा लागतो आणि रिक्षाचे भाडे पगारातून वजा होते. अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत नोकरी असेल तर ही अडचण बरीच कमी होते. तरुण मुली विडीकडे फारशा वळत नाहीत, त्यांना शिलाई, दुकान किंवा नर्सिंगचे काम हवे असते. ते वसाहतीजवळ जितके येईल तितकी ही वस्ती भक्कम होईल.

म्हणून निर्णय घेणाऱ्यांना माझा सल्ला असा. घरात वृद्ध माणूस असेल किंवा विडीचे काम चालू ठेवायचे असेल तर भाड्याने का होईना, गोदूताई वसाहतीतले बैठे घर आधी पाहावे. रे नगरमध्ये जायचे ठरले तर इमारत निवडण्याचा अधिकार नसला तरी शेजार ओळखून घ्यावा, पाणी किती दिवसांनी आणि किती वेळ येते हे खालच्या नव्हे, वरच्या मजल्यावरच्या बाईला विचारावे, मुलांची शाळा प्रवेशाच्या हंगामाआधी नक्की करावी आणि मुख्य म्हणजे, कारखाने सुटण्याच्या वेळेला अशोक चौकातून निघून, सोबत सामानाची पिशवी घेऊन, घराच्या दारापर्यंतचा प्रवास एकदा स्वतः करून पाहावा. तो रोज झेपेल असे वाटले तर खुशाल सामान हलवावे.